बायो, डिझेल आणि रवळनाथाचा कौल

लवू चिंदरकराला आयुष्यात दोनच गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, आंबेखोलच्या रवळनाथाचा कौल कधी खोटा होत नाही. दोन, जड ओझं ओढावं तर पेट्रोलच्या गाडीनं. डिझेलनं फार तर डास पळवावेत. या दोन गोष्टी एकाच दिवशी एकाच चढावर समोरासमोर येतील आणि मध्ये आपण सापडू, हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

पेट्रोलवरची भक्ती त्यानं लढाईतून आणली होती. बाकीच्यांनी घोंगड्या आणल्या, बूट आणले, एखादा बिल्ला आणला. लवूनं मत आणलं. मिसरच्या वाळवंटात तो साहेबाच्या पलटणीत ट्रक हाकायला होता आणि ट्रकला मागे तोफ जोडलेली असायची. "दोन वर्सा तोफा ओढलंय, पण गाडयेन एकदा हूं की चूं करूक नाय," असं तो ज्याला त्याला ऐकवी. वाळवंट पोळपाटासारखं सपाट असतं, हे तो सांगत नसे. पुढे शहाणा झाल्यावर तो स्वतःच म्हणायचा, "लपवी नव्हतंय रे. माज्या लक्षातच इला नाय."

लढाई संपल्यावर पुण्यात सैन्याच्या जुन्या गाड्यांचा लिलाव झाला. तिथून अठ्ठेचाळीस साली त्यानं एक पेट्रोलचा ट्रक घरी आणला आणि त्याचं नाव ठेवलं बायो. आमच्याकडे लाडक्या मुलीला बायो म्हणतात. बायोला त्यानं हिरवा रंग दिला. पण लवू हात राखून रंगवणारा असल्यामुळे खालचा खाकी जागोजाग डोकावत असे. त्यामुळे गाडी दुरून पाहिली तर बुरशी धरलेल्या फणसासारखी दिसे. लवूला ती तशी दिसत नसे. बापाला दिसतही नाही.

अठ्ठावन्न साली कसालच्या सत्यवान परबानं नवाकोरा डिझेलचा ट्रक घेतला आणि लवूच्या सुखाला नजर लागली. सत्यवान वयानं पंधरा वर्षांनी लहान, बोलायला मऊ, पण नेमकं बोलणारा. कसालच्या तिठ्यावरच्या चहाच्या दुकानात दोघांची गाठ पडली की दुकानदार चहा मुद्दाम सावकाश करी.

"सत्यवाना, तुजी गाडी इली की माका वाटता, खंयच्या तरी भाताच्या गिरणीक पाय फुटले."

"आणि तुमची गाडी इली की पंपवालो उठान उभो रवता, काकानू. जावय इल्यासारखो."

"मेल्या, डिझेलीच्या इंजिनाक ठिणगी तरी आसा काय? ठिणगीच नाय तर ता इंजिन कसला?"

"ठिणगी नाय म्हणानच घर जळणा नाय, काकानू."

मग सत्यवान आपला आवडता दाखला देई. त्याच्या मते पेट्रोलची गाडी म्हणजे गणपतीला गावी आलेला चाकरमानी. उतरल्या उतरल्या धावपळ, हसणं-खिदळणं, सगळ्यांच्या पुढे. पण गावची घाटी चढायची वेळ आली की हात कमरेवर आणि "जरा थांबा हां". डिझेलची गाडी म्हणजे गावचा गडी. सकाळी उठवताना कटकट करील, खोकेल, काळा धूर सोडील, आवाज करील. पण एकदा ओझं डोक्यावर घेतलं की खाली बघून त्याच चालीनं वरपर्यंत जाईल. लवूला हा दाखला फार झोंबे. त्याचे दोन्ही भाऊ मुंबईला होते आणि दोघेही अगदी तसेच चढत.

घरातही बायोला शत्रू होता. लवूची बायको मथुरा. उन्हाळ्यात चढावर बायोचं पेट्रोल इंजिनातल्या पंपातच उकळायला लागे आणि गाडी मुकाट बंद पडे. त्यावर औषध एकच, पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि ते निवेपर्यंत रस्त्याकडेला बिडी ओढत बसायचं. ही फडकी मथुरेच्या जुन्या लुगड्यांची असत.

"माका ताप इलो तेवा कपाळार एक पट्टी ठेवूक तुमका गावली नाय," ती म्हणे, "आणि तिका दिसाक चार!"

"ती बोलणा नाय गो. तुका काय व्हया ता तू सांगतस."

"मी सांगतंय, पण तुमी आयकतास खंय? तिचा मात्र न सांगता कळता."

लवू फडकं घेऊन निघून जाई.

एकोणसाठच्या चैत्रात आंबेखोलच्या देवळाचा सभामंडप उतरवला. जुन्या तुळयांना वाळवी लागली होती. नव्या तुळयांसाठी मलबारी सागाचे दोन ओंडके फत्तेमारीतून मालवणच्या बंदरात येऊन पडले. पस्तीस पस्तीस फूट लांब, दोन्ही मिळून पाच टनांच्या घरात. ते कुठल्याच ट्रकच्या हौद्यात मावण्यासारखे नव्हते. बंदरावरच्या ठेकेदाराकडून चार चाकांचा एक लांबलचक ट्रेलर मागून आणला. त्याला ब्रेक नव्हता, पण ठेकेदार म्हणाला की तो स्वभावानं गरीब आहे.

आता हा ट्रेलर ओढायचा कुणी? बायोनं की सत्यवानाच्या डिझेलनं? दुसऱ्या कुठल्या मुलखात लोकांनी दोन्ही इंजिनांची ताकद विचारली असती, चढ मोजला असता. आंबेखोलात तसला अधर्म चालत नाही. तिथे म्हैस विकायची की ठेवायची, मुलाला मुंबईला धाडायचं की नाही, हे सगळं देवाला विचारतात. म्हणून पेट्रोल की डिझेल हेही देवालाच विचारायचं ठरलं.

देवाला विचारायची रीत अशी की गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गावचा मुख्य मानकरी गाऱ्हाणं घालतो आणि उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गाऱ्हाण्यात एकही फट राहता कामा नये, कारण देव विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. मानकरी होता भिकाजी गावकर. त्याचा आवाज असा की गाऱ्हाणं सुरू झालं की शेजारच्या गावचे देवही कान देत असावेत. लवूनं आदल्या संध्याकाळी भिकाजीच्या ओटीवर बसून, त्याला आपल्या चंचीतली तंबाखू मळून देत देत, गाऱ्हाणं कसं घालावं हे समजावून सांगितलं होतं.

"बा देवा रवळनाथा, बारा-पाचाच्या म्हाराजा!" भिकाजीनं सुरू केलं.

"होय म्हाराजा!" गाव एका सुरात ओरडला.

"तुज्या मंडपाचे दोन ओंडके मालवणात येवन पडले आसत, ते तुज्या दारात हाडूचे आसत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"वाटेत जा काय आडवा-तिडवा, घरचा-भायरचा, शिवेवरला, पाणवठ्यावरला आड येयत, ता पायाखाली घाल, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आणि ट्रेलराच्या म्होरां लवूची बायो आसूक व्हयी, असा तुज्या मनात आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" यात लवूचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

उजवी पाकळी टपकन पडली. सत्यवान खांबाला टेकून उभा होता. तो हळूच म्हणाला, "देवाक डिझेलाची गजाल कोणी सांगूकच नाय." पण ढोल वाजायला लागले होते.

इथेच लवूनं गप्प बसायचं होतं. देवानं काम दिलं होतं, गावानं मान दिला होता. पण माणूस जिंकला की त्याच्या अंगात बोलणं येतं. लवूनं मूर्तीसमोर हात वर केला आणि कुणी न विचारता, कुणी न मागता, मोठ्यानं सांगून टाकलं, "बायोन हे ओंडके हय पोचवल्यान नाय, तर मी तिचो हँडल कायमचो खाली ठेवतलंय! आणि सत्यवानाच्या डिझेलार ड्रायव्हर म्हणान बसतलंय!"

मथुरा बायकांच्या घोळक्यात होती. तिनं कपाळाला हात लावला.

शुक्रवारी सकाळी मालवणातून निघाले. बायोच्या पुढ्यात नारळ फोडला, मागे ट्रेलर, ट्रेलरवर साखळदंडांनी बांधलेले ओंडके, लवूच्या शेजारी भिकाजी आणि हौद्यात आंबेखोलचे दहा-बारा गडी. नाकाखालचं हँडल अर्धं फिरवताच बायो सुरू झाली. सपाट रस्त्यावर ती अशी गेली की लवूनं भोंगा वाजवायचा तोच बंद केला नाही. कुंभारमाठाचा चढ तिनं आवाज करत पण एका दमात काढला. कट्ट्याच्या बाजारात थांबून त्यानं चहा घेतला आणि चार माणसांना बोलावून ट्रेलर दाखवला. कसालच्या तिठ्यावर सत्यवान आपल्या रिकाम्या ट्रकजवळ उभा होता. लवूनं त्याला नमस्कार केला. साधा नमस्कार नव्हे, वरातीतला नवरा करतो तसा.

कसालपासून दोन मैलांवर आंबेखोलची घाटी लागते. तीन वळणं, तांबडी धूळ आणि चैत्रातलं दुपारचं ऊन.

पेट्रोलच्या इंजिनाचा जोर त्याच्या धावण्यात असतो. भरभर फिरत राहिलं तर ओढतं; फेरे पडले की जोरही पडतो. आणि मागे पाच टन सागाचे ओंडके असले, वळण असलं, की फेरे पडतातच. पहिल्या वळणावर लवूनं पहिला गियर टाकला. दुसऱ्या वळणापर्यंत क्लचचा असा वास सुटला, की भिकाजीनं विचारलं, "लवू, कोणाचा काय करपला?" तिसऱ्या वळणाच्या तोंडाशी बायोनं एक आचका दिला, दोनदा शिंकली आणि गप्प झाली.

"उडी मारा! दगड लावा!" लवू ओरडला. गड्यांनी हौद्यातून उड्या टाकून चाकांमागे दगड लावले. गरीब स्वभावाचा ट्रेलर तोवर हातभर मागे सरकलाच होता.

मग ओली फडकी. मग झऱ्यावरून कळशी आणून पंपावर पाणी. मग बिडी. मग पुन्हा हँडल. बायो सुरू झाली, चार हात चढली, बंद पडली. पुन्हा फडकी, पुन्हा पाणी, पुन्हा चार हात. तिसऱ्या खेपेला एका गड्यानं विचारलं, "लवूदादा, असा चार चार हातांनी गेलंव तर सभामंडप आमच्या नातवांनी बघूचो काय?" लवूनं टाकीचं झाकण उघडलं. त्याला टाकीतला तळ दिसायला लागला होता आणि देवासमोर वर केलेला आपला हातही.

तेवढ्यात खालून घरघर ऐकू आली. सत्यवानाचा ट्रक येत होता. काळा धूर सोडत, खोकत, त्याच एका चालीनं. तो बायोच्या बाजूनं वर गेला आणि पुढे थांबला. सत्यवान उतरला. त्याच्या हातात जाडजूड साखळी होती. तो हसत नव्हता, आणि लवूला तेच जास्त लागलं.

"काकानू, ट्रेलर सोडूया काय? मी ओढतंय."

"खबरदार!" भिकाजी गावकर बायोतून खाली आला. "देवान कौल दिलो आसा. ट्रेलराच्या म्होरां बायोच आसूक व्हयी. दुसरी गाडी लागली तर रवळनाथ मंडप उभो रवाक देवचो नाय."

सगळे घाटीत उभे राहिले. ऊन तापत होतं. दहा-बारा गडी, एक मानकरी, दोन ड्रायव्हर, दोन ट्रक, आणि त्यांतला चढू शकणारा ट्रक ओंडक्यांना जोडायची बंदी. असा पेच सबंध रत्नागिरी जिल्ह्यात फक्त आंबेखोलकरच घालू जाणोत.

सत्यवान साखळी हातात घोळवत म्हणाला, "ट्रेलराच्या म्होरां बायो. बरोबर. आणि बायोच्या म्होरां कोण, ह्या देवाक कोणी विचारल्यान काय?"

भिकाजीनं स्वतःचं गाऱ्हाणं मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत घालून पाहिलं. घरचं होतं, बाहेरचं होतं, शिवेवरलं होतं, पाणवठ्यावरलं होतं. बायोच्या पुढचं नव्हतं.

"नाय विचारूक," तो पडत्या आवाजात म्हणाला. "माजीच चूक. तंबाखू खाताखाता ऱ्हवान गेला."

मग त्यानं घाटीतल्या राखणदार देवाच्या दगडासमोर बिडीचं बंडल ठेवलं, चुकलंमाकलं पोटात घालायला सांगितलं आणि साखळी बांधायची परवानगी दिली.

अशी ती वरात निघाली. पुढे डिझेल, मग साखळी, साखळीला बायो, बायोला ट्रेलर, ट्रेलरवर ओंडके. बायोत स्टिअरिंग धरून लवू. अब्रूसाठी त्यानं इंजिन सुरू ठेवलं होतं. मध्येच पेट्रोल संपलं आणि तेही थांबलं. मग त्याच्या हातात स्टिअरिंग आणि भोंगा एवढंच उरलं. त्यानं भोंगा वाजवला नाही. सत्यवानाचा ट्रक पहिल्या गियरमध्ये, घाई नाही, आकांत नाही, एकेक हात रस्ता गिळत वर जात होता. लवू मागून ऐकत होता. त्या आवाजात कुठेही आचका येत नव्हता. लवू आचक्याची वाट बघत होता, आणि आपण वाट बघतोय याची त्याला लाजही वाटत होती.

वर विहिरीवर बायका होत्या. त्यांतली म्हातारी तुळसा घागर कमरेवर घेऊन थांबली.

"लवू, बायोक सासरी धाडतस काय रे? म्होरां तो घोव काय तिचो?"

"होय गो तुळशे," लवू खिडकीतून म्हणाला. "घोव काळो आसा, पण संसार ओढतलो."

विहिरीवर जे हसू फुटलं, त्यात लवूचंही होतं. त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

घाटी संपल्यावर देवळापर्यंत हलका उतार आहे. सत्यवानानं तिथे गाडी थांबवली, साखळी सोडली आणि ट्रक रस्त्याकडेला काजूखाली घेतला. "आता तुमी म्होरां जावा, काकानू. गावान तुमका बघूक व्हया," तो म्हणाला.

बायो उतारावरून आपल्याच वजनानं, इंजिन बंद, न बोलता देवळासमोर जाऊन उभी राहिली. ढोल वाजले. बायोच्या नाकावर झेंडूची माळ पडली. कोणीतरी लवूलाच उचललं. हौद्यातले गडी गप्प होते. गावाची फजिती गावातच ठेवायची असते, आणि लवू त्यांचाच होता. मथुरा पुढे येऊन नवऱ्याकडे बघत होती. तिनं त्याचा चेहरा ओळखला.

भिकाजी गाऱ्हाण्याला उभा राहिला.

"बा देवा रवळनाथा! तुजे ओंडके तुज्या दारात इले, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तुजो कौल खरो झालो, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"लवूच्या बायोन आपल्या बळान ओझा ओढल्यान, घाटी चढल्यान आणि आपलो शब्द राखल्यान, म्हाराजा!"

भिकाजीनं हे गावाच्या इभ्रतीसाठी म्हटलं. लवूनं फक्त दोन शब्द बोलायचे होते. ते बोलला असता तर बायो त्याच्या दारात राहिली असती, आणि पुढची वीस वर्षं तिठ्यावर त्याला कुणाला उत्तर द्यावं लागलं नसतं.

"नाय म्हाराजा!" लवू म्हणाला.

आंबेखोलच्या देवळात गाऱ्हाण्याला "नाय" असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. ढोलवाल्याचा हात वरच राहिला. गुरवानं मूर्तीकडे पाहिलं. कुणाचं तरी मूल रडायचं थांबलं.

"लवू, मेल्या, काय बोलतस?" भिकाजी कुजबुजला. "देव खोटो पडात मरे!"

"देव खोटो कसो पडात? देवान विचारल्या तेवढ्याचा सांगितल्यान. सवाल अर्धो होतो, आणि तो अर्धो सवाल मी घालूक लावलंय. डिझेलान ओढल्यान, म्हाराजा. बायो मधी बांधलेली होती. जशी गोणी बांधतत, तशी. आणि गोणयेच्या आत मी होतंय."

सगळ्यांत पहिल्यांदा हसली मथुरा. मोठ्यानं, पदर तोंडाला न लावता. मग सगळे हसले. गुरवानं नंतर शपथेवर सांगितलं की त्याच वेळी मूर्तीवरची एक पाकळी आपोआप पडली. पण ती उजवी की डावी, हे त्याला सांगता आलं नाही.

बायोला मोडीत घ्यायला पुढच्याच आठवड्यात कोल्हापूरचा एक माणूस आला. लवू तयार झाला होता. मथुरेनं त्या माणसाला दारातूनच परतवलं. "ती माजी सवत आसा," ती म्हणाली. "तिका ठेवूची की नाय, ता मी ठरवतलंय." मग बायो फणसाखाली उभी राहिली आणि मथुरेनं आपली लुगडी तिच्या हौद्यावर वाळत घालायला सुरुवात केली. सगळी, चांगली चांगलीसुद्धा.

लवूनं हँडल खाली ठेवलं आणि सोमवारी सकाळी तो कसालला सत्यवानाच्या दारात उभा राहिला. सत्यवानाला ओशाळल्यासारखं झालं. "काकानू, देवाच्या म्होरां माणूस काय्येक बोलता. सोडा ता."

"आज मी शब्द सोडलंय तर उद्या सगळो गाव सोडीत," लवू म्हणाला. "चावी दी."

पहिल्या दिवशी त्यानं दहा मिनिटं इंजिनात मान घालून ठिणगीचे प्लग शोधले. सत्यवानानं त्याला शोधू दिले. मग दोघे मंडपाच्या चिऱ्यांनी भरलेला तोच ट्रेलर घेऊन आंबेखोलच्या घाटीला लागले. सत्यवान शेजारी बसला होता. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसरं वळण गेल्याचं लवूला कळलंसुद्धा नाही. तो अजून त्याची तयारी करत होता. माथ्यावर पोचल्यावर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि उगाच थांबला.

"काय झाला, काकानू?"

"काय नाय रे. धा वर्सा ह्या घाटयेत मी बिडी ओढूक थांबी होतंय. लोकांक सांगी, हय वारो बरो लागता."

"मगे ओढा ना आता बिडी."

लवूनं खिशात हात घातला, बिडी बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं आणि परत ठेवली.

"आता कित्याक? गाडयेक तरी दम लागूक व्हयो मा."